पाहुण्याचा गारवा

उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबासह चार दिवस बाहेरगावी जावयाचे ठरले, म्हणजे उतरण्याच्या जागेविषयी चौकशी सुरू होते. पूर्वी या चौकशीत तीन प्रश्न मुख्य असत : पाणी कसे आहे, जेवणाची सोय काय, आणि जागा स्वच्छ आहे की नाही. अलीकडे या तिहींच्या आधी एक चौथा प्रश्न येऊन बसला आहे, तो म्हणजे, खोलीत एसी आहे काय? उत्तर होकारार्थी आले तर बोलणे पुढे चालते. नकारार्थी आले तर पुष्कळदा तेथेच संपते. हा प्रश्न सोयीचा व पैशाचा आहे, त्याचा नीतीशी संबंध तो काय, असे वाचकांपैकी कित्येकांस वाटेल. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरावर एका कुटुंबाची झोप आणि दुसऱ्या कुटुंबाची मिळकत अवलंबून आहे, तो केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. पाहुण्याने यजमानाकडे काय मागावे आणि कोणत्या क्रमाने मागावे, याविषयी आपल्या समाजात एकेकाळी फार काटेकोर विचार होत असे. यजमान पैसे घेऊ लागला एवढ्यावरून तो विचार निरर्थक ठरतो, असे आम्हांस वाटत नाही.

प्रश्न मोघम राहू नये म्हणून तो एका प्रदेशाच्या संबंधाने पाहू. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथवर पोचले तेथवर ऊस व फळबागा; जेथे पोचले नाही तेथे बाजरी, ज्वारी आणि आभाळाची वाट. बागायत व जिराईत हे दोन शब्द या भागात केवळ जमिनीस लागत नाहीत, तर माणसांच्या नशिबांसही लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात जातो. पिके व जनावरे दुष्काळ, उष्णता अशा ताणांस कसे तोंड देतात याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ साली स्थापन झाली, ती बारामतीजवळ माळेगाव येथे आहे. यावरून तेथील हवामानाची कल्पना यावी.

अशा प्रदेशात हौसेने कोणी जात नसे. पुण्याची हौस पश्चिमेकडे, म्हणजे लोणावळ्यास, महाबळेश्वरास जाई. पूर्वेकडे माणसे जात ती लग्नकार्यास, जमिनीच्या कामास किंवा कोर्टकचेरीस. ही स्थिती गेल्या वीसेक वर्षांत पालटली. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे श्री. पांडुरंग तावरे यांनी २००४-०५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा उपक्रम सुरू केला. पुढे २०२० साली महाराष्ट्र शासनाने या धंद्याविषयी स्वतंत्र धोरण ठरविले. इकडे इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावच्या परिसरात उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, आणि त्यांना पाहण्यास शहरांतून माणसे येतात. ज्या पाण्यावर हे पक्षी उतरतात त्याच्या तळाशी जुनी गावे आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर दिसू लागते. धरणात जमिनी गेलेल्या या प्रदेशात पाहुण्यांस जेवूखाऊ घालून व नावेतून फिरवून काही घरे चालू लागली आहेत. हिवाळ्यात त्यांना एसीविषयी सहसा कोणी विचारीत नाही. परंतु शाळांची मोठी सुटी उन्हाळ्यात असते, आणि तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर आमच्या परिचयाच्या मंडळींत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, हे सारे लाडावल्याचे लक्षण आहे; आमच्या पिढीने उन्हाळे असेच काढले. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि कऱ्हेच्या काठी आयुष्यभर आर्या रचीत बसले, त्यांना कोठे थंड खोली लागली? दुसरा पक्ष तरुण कर्त्या मंडळींचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आम्ही दाम मोजतो. दाम मोजून जी वस्तू मिळते ती घ्यावी की न घ्यावी यात नीती कसली?

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात एक मोठी गफलत आहे. मोरोपंतांस थंड खोली लागली नाही, कारण त्या काळचे वाडेच मुळी थंड असत. हातभर जाडीच्या भिंती, मधला चौक, ओसरी, वर माळवद, सभोवार झाडी, अशा घरात दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळे. आज तेच वडीलधारे सिमेंटच्या सपाट छताखाली राहतात, की जे छत दिवसभर उष्णता पिते आणि रात्रभर खाली सोडते. घर बदलले आणि सहनशक्तीची अपेक्षा मात्र जुनीच ठेवली, हा न्याय नव्हे. शिवाय पूर्वीचे सर्वजण उन्हाळा सुखरूप काढीत असत, हे आपण कशावरून म्हणतो? जे गेले त्यांची साक्ष आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढेच. उन्हाचा झटका माणसाचा जीव घेतो. वृद्ध, तान्ही मुले, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रोगी यांना रात्री शरीर निवू देणे हे औषधाइतकेच आवश्यक असते. सत्तरी ओलांडलेल्या आईस घेऊन मे महिन्यात इंदापुरास जाणाऱ्या मुलाने थंड खोली शोधली, तर ती त्याची चैन म्हणणाराच दोषास पात्र होईल.

यंत्राच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी गारवा हवा असलेला मनुष्य गारव्याकडे जाई. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या मालकम यांनी महाबळेश्वर वसविले ते याच हेतूने, आणि पुढे उन्हाळा आला की सरकारचा कारभार डोंगर चढू लागला. जे डोंगर चढू शकत नसत त्यांच्यातील श्रीमंतांसाठी बोस्टनहून बर्फ जहाजात घालून हिंदुस्थानात येई. असे पहिले जहाज १८३३ साली कलकत्त्यास लागले. म्हणजे माणूस थंडीकडे जाई, किंवा थंडी समुद्र ओलांडून त्याच्याकडे येई. दोन्ही गोष्टी मोजक्यांनाच शक्य होत्या. वातानुकूलनाने हा हिशेब बदलला. ज्या गावी मे महिन्यात पूर्वी कोणी पाऊल टाकले नसते तेथे आता मनुष्य आंबे, कलिंगडे आणि विहिरीतले पोहणे यांच्या ओढीने जाऊ शकतो. शेतकऱ्याच्या हातास पैसा लागण्याचा हा एक नवा हंगाम झाला, आणि हे श्रेय यंत्राकडून काढून घेणे बरे नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. दाम मोजले म्हणजे प्रश्न मिटला, हे म्हणणे मान्य करण्यापूर्वी हे यंत्र करते काय, ते नीट पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी असते की ते थंडी उत्पन्न करते. वस्तुतः ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आणि या उचलाउचलीसाठी जी वीज खर्च होते तिचीही उष्णता बाहेरच पडते. म्हणजे आत जेवढे निवते त्याहून अधिक बाहेर तापते. भिंतीच्या बाहेर बसविलेल्या यंत्राच्या अर्धभागासमोर क्षणभर उभे राहिले तरी हे कोणासही कळेल. साहेबांच्या काळी पंखा ओढणारा मनुष्य व्हरांड्यात बसे. साहेब आत निजे आणि दोरी ओढणारा बाहेर घामाने निथळे. त्या व्यवस्थेतला अन्याय डोळ्यांस दिसत होता, कारण त्याला हातपाय होते. यंत्राने त्या माणसास कष्टांतून सोडविले, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. परंतु आतल्याचा ताप बाहेर ठेवण्याची ती जुनी रीत काही बंद झाली नाही. ती दिसेनाशी मात्र झाली.

बाहेर मोकळे रान असले तर एका खोलीतून टाकलेल्या उष्णतेने फारसे बिघडत नाही, हे आम्ही मान्य करतो. पृथ्वीच्या एकंदर तापाचा भार एका पाहुण्याच्या चार रात्रींवर घालणेही अतिशयोक्तीचे होईल. आमचा मुद्दा त्याहून जवळचा आहे, आणि तो समजण्यासाठी यजमानाच्या अंगणात यावे लागेल.

इंदापूर तालुक्यातील एका शेतावर आम्ही काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दोन रात्री राहिलो होतो. पाहुण्यांसाठी तीन नव्या खोल्या बांधल्या होत्या. वर सिमेंटचे छत, काचेच्या लहान खिडक्या आणि प्रत्येकीत एसी. मालकाचे स्वतःचे राहते घर शेजारी होते, त्यावर पत्रा होता, आणि त्यात पंख्यापलीकडे काही नव्हते. तिसऱ्या खोलीच्या यंत्राची गरम हवा ज्या अंगणात सुटत असे त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकास घरची माणसे बाजा टाकून निजत. मालकाच्या आईस आम्ही त्याविषयी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आमचं काय बाबा, आमाला भाईरच बरं वाटतं. पाव्हण्याला झोप लागली म्हंजी झालं." तिच्या बोलण्यात तक्रारीचा लेशही नव्हता, आणि उघड्यावर निजण्याचे सुख आम्हांसही ठाऊक आहे, देशावरची रात्र कोरडी असते, उत्तररात्री वारा सुटतो आणि अंगावर चादर ओढावी लागते. तथापि दुपारी बारा ते पाच या वेळात त्या पत्र्याखाली काय होत असेल, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. यजमानाने तक्रार केली नाही एवढ्यावरून पाहुणा मोकळा होत नाही. उलट आदरातिथ्याच्या व्यवहारात जो तक्रार करीत नाही त्याचाच विचार दुसऱ्याने आधी करावयाचा असतो.

त्या खोल्या तशा का बांधल्या, याचे मालकाने दिलेले उत्तर सरळ होते. फोनवर पहिला प्रश्न एसीचा येतो. झाडांविषयी, भिंतींविषयी, ओसरीविषयी कोणी विचारीत नाही. ज्याविषयी कोणी विचारीत नाही त्यावर कर्ज काढून खर्च कोण करील? एसी बसवावयाचा म्हणजे खोली बंदिस्त हवी, म्हणून खिडक्या लहान झाल्या. बंदिस्त खोली यंत्रावाचून राहण्याजोगी उरली नाही, म्हणून वीज गेली की ती अधिकच तापू लागली. अशा रीतीने पाहुण्याच्या एका प्रश्नाने घराचा आकार ठरविला, आणि त्या घराने पुढच्या पाहुण्यास तोच प्रश्न विचारणे भाग पाडले.

येथे आमच्या मते या विषयाचे मर्म आहे. गारवा दोन प्रकारचा असतो. एक भिंतीचा, झाडाचा, ओसरीचा, दुसरा यंत्राचा. भिंतीचा गारवा त्या घरात जो येईल त्याचा असतो. अंगणातल्या लिंबाखाली पाहुणा बसतो, घरची म्हातारी बसते, ऊस तोडणारा मजूर पाणी पिण्यास थांबतो, कुत्रेही येऊन निजते. कोणाच्या येण्याने कोणाचा वाटा कमी होत नाही. यंत्राच्या गारव्याचे तसे नाही. तो दार लावल्यावाचून राहत नाही, आणि दार लावले म्हणजे कोण आत व कोण बाहेर हे ठरवावेच लागते. म्हणून पाहुणा जेव्हा जाड भिंती, उंच छत, सावली आणि वाऱ्याच्या वाटा मागतो, तेव्हा त्याच्या मागणीने यजमानाचेही घर निवते. तो केवळ यंत्र मागतो, तेव्हा त्याची स्वतःचीच खोली निवते. दाम दोन्ही ठिकाणी सारखेच मोजले असतील, परंतु मागे काय उरते यात फरक पडतो.

हवेचा विचार केला तर हे म्हणणे अधिकच स्पष्ट होते. देशावरची उष्णता कोरडी आहे. कोरड्या हवेत पाणी चटकन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच न्यायाने गार होते, आणि वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून येणारा वारा किंवा साधा पाण्याचा कूलर याच न्यायाने सुख देतो. मात्र जिराईत गावी जेथे पाणी टँकरने येते तेथे कूलरही विचाराने वापरावा लागतो. उलट मालवणास किंवा गोव्यास मे महिन्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. घाम वाळत नाही, कूलर निरुपयोगी होतो, आणि रात्रही फारशी निवत नाही. तेथे एसीचे महत्त्व निश्चितच अधिक आहे, कारण तो हवा थंड करतो त्याबरोबर कोरडीही करतो. किंबहुना विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे यंत्र योजिले, ते मुळी दमटपणा आवरण्यासाठी. हवेतील ओलाव्याने कागद फुगे आणि रंगीत छपाई बिघडे. माणसाच्या सुखाचा विचार मागाहून आला. तात्पर्य, ‘उष्ण प्रदेश’ असे एकच नाव देऊन सर्व ठिकाणी सारखीच वस्तू मागणे हे अडाणीपणाचे आहे. जो बारामतीस व वेंगुर्ल्यास एकच प्रश्न विचारतो त्याला दोहोंपैकी कोणतेच गाव पाहावयाचे नाही, अशी शंका येते.

कारण प्रवासास आपण जातो ते कशासाठी? आपले घर होते तसेच उचलून दुसरीकडे मांडावयाचे असेल तर घरीच राहणे स्वस्त पडते. बंद खोलीतली हवा पुण्यास, इंदापुरास आणि सिंगापुरास सारखीच असते. भिगवणच्या काठी पहाटे पाण्यावरून येणारे पक्ष्यांचे आवाज बंद काचेतून आत येत नाहीत. तरीही या मुद्द्यावर आम्ही फार भर देऊ इच्छित नाही. रात्रभर तळमळलेल्या मनुष्यास पहाटेचे पक्षी ऐकण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल, आणि झोप ही रसिकतेच्याही आधीची गरज आहे.

आमच्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, तो असा. गरज हीच कसोटी ठरविली तर सर्वांत अधिक गरज कोणाची? शहरात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराची. हिवाळ्यात याच रानांत मराठवाड्यातून आलेले ऊसतोडणीचे मजूर उसाच्या पाचटाच्या कोपी उभारून राहतात. थंडी, ऊन आणि पाऊस या तिहींपासून त्यांना आडोसा किती मिळतो, हे भिगवणच्या वाटेवर मोटार थांबविणारा कोणीही पाहू शकेल. त्यांच्यासाठी ज्याने कधी एक शब्द काढला नाही त्याने सुटीतल्या खोलीविषयी एवढा नीतिविचार करावा, हे विसंगत नाही काय? विसंगत आहे खरे. पण या विसंगतीवर उपाय लहान विचार सोडून देणे हा नसून मोठ्याकडे जाणे हा आहे. ज्याने आपल्या यजमानाचे घर कसे आहे हे विचारण्याची सवय लावून घेतली, त्याची नजर शेजारच्या रानातल्या कोपीपर्यंत जाण्याचा संभव तरी आहे. ज्याने कधी काचेबाहेर पाहिलेच नाही, त्याच्याविषयी ही आशाही धरता येत नाही.

तेव्हा उष्ण प्रदेशात उतरण्याची जागा निवडताना एसीला महत्त्व आहे काय, या प्रश्नास आमचे उत्तर असे. महत्त्व आहे, परंतु औषधास असते तसे. कोणास हवे, केव्हा हवे आणि किती हवे, हे विचारून घ्यावे. बरोबर वृद्ध, आजारी किंवा तान्हे मूल असेल तर ते निःसंकोचपणे मागावे. नोव्हेंबरात भिगवणला पक्षी पाहण्यास जाणाऱ्या धडधाकट मनुष्याने त्याचे नावही काढण्याचे कारण नाही. चार खोल्यांत चार यंत्रे चालविण्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांनी एका खोलीत निजावे. आपल्या देशात २०२० सालापासून तारांकित यंत्रांचे आरंभीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम आहे. ते तेथून खाली ओढून वर दुलई घेण्यात सुख कोणते, हे आम्हांस कळलेले नाही. आणि सर्वांत मुख्य गोष्ट प्रश्नांच्या क्रमाची. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न घराचा असावा : छप्पर कशाचे आहे, झाडे आहेत काय, ओसरी आहे काय, दुपारी आपण स्वतः कोठे बसता? यंत्राची चौकशी त्यानंतर करावी.

‘दुपारी आपण स्वतः कोठे बसता?’ हा प्रश्न प्रथम ऐकताना यजमानास चमत्कारिक वाटेल. परंतु वर्षाकाठी दहा पाहुण्यांनी तो विचारला, तर पुढच्या वर्षी बांधावयाच्या खोलीचा नकाशा बदलेल, आणि त्याबरोबर कदाचित शेजारच्या घरावरचा पत्राही.